मदत हवी आहे: नॅनो बोर्डावरचा दिवा लागतो, प्रोग्रॅमही चालतो, पण लॅपटॉप त्याला ओळखत नाही

नमस्कार मंडळी,

मी गोरेगावला राहते. माझ्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत आणि त्यांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. दुपारी घरी त्या एकट्याच असतात. बेल वाजली तरी कळत नाही. गॅसवाला दोनदा परत गेला. एकदा शेजारच्या वहिनी पंधरा मिनिटं दार वाजवत उभ्या राहिल्या आणि शेवटी घाबरून त्यांनी मला ऑफिसात फोन केला. त्या दिवशी गोरेगावला पोचेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता.

म्हणून आर्डुइनो नॅनोवर (प्रोग्रॅम घालता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) एक साधं यंत्र केलं. दाराबाहेर नेहमीच्या बेलशेजारी वेगळं ५ व्होल्टचं बटण बसवलं (२३० व्होल्टच्या वायरिंगला हात लावलेला नाही). ते दाबलं की देवघराच्या चौकटीवरची आणि त्यांच्या पलंगासमोरची एलईडीची पट्टी मिनिटभर उघडमीट करते. मे महिन्यापासून हे चालू आहे. सासूबाई त्याला "दिवा हाक मारतो" म्हणतात.

आता अडचण सांगते. दुपारच्या उन्हात पट्टीची उघडमीट नीट दिसत नाही, म्हणून वेळ आणि वेग बदलायचा होता. डबा काढला, बोर्ड लॅपटॉपला लावला, तर लॅपटॉप त्याला ओळखतच नाही. जोडताना आवाज येतो, मग 'यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड' असा निरोप. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड', कोड ४३. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये पोर्टची, म्हणजे बोर्ड कुठे जोडलाय ते दाखवणारी, जागा रिकामी. विंडोज १० आहे. लॅपटॉपचे तिन्ही सॉकेट वापरून पाहिले, सीएच३४० चा (बोर्डावरच्या यूएसबी चिपचा) ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, आर्डुइनोचं सॉफ्टवेअरसुद्धा काढून नव्याने घातलं. काही फरक नाही.

गंमत अशी वाटते की मोबाइलच्या चार्जरवर तोच बोर्ड व्यवस्थित चालतो. बटण दाबलं की पट्टी लागते.

"नवीन घ्या" असं कृपया लगेच सांगू नका. बोर्डाचे तीसच्या तीस पाय मी झीरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या पाटीवर) सोल्डर केलेत. ते उपटायचे म्हणजे सगळंच पुन्हा करणं आलं, आणि तोवर दुपारच्या वेळी सासूबाई पुन्हा बिनदिव्याच्या. नेमकं काय बिघडलंय ते कसं शोधू?

*

प्रतिसाद: ताई, आधी केबल बदलून बघा. चार्जिंगच्या बऱ्याच केबलींमध्ये लाल आणि काळी अशा दोनच तारा असतात. बोर्डाला वीज मिळते, दिवा लागतो, पण माहितीच्या हिरव्या-पांढऱ्या ताराच नसतात. माझे यात दोन रविवार गेले होते.

धागाकर्ती: धन्यवाद. आत्ताच तपासलं. ही केबल आमच्या जुन्या कॅमेऱ्याची आहे. तिनेच कॅमेरा लॅपटॉपला लावला आणि फोटो उतरले. म्हणजे चारही तारा शाबूत असाव्यात.

प्रतिसाद: ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेलात तर नवीन नॅनो सहज मिळेल. तुम्ही नको म्हणालात ते वाचलं, तरीही एक हाताशी ठेवा असं मनापासून सांगतो. ज्या यंत्रावर घरातलं माणूस विसंबून आहे, त्याचा जोडीदार तयार असावा.

धागाकर्ती: हे पटलं. शनिवारी घेऊन येते. पण हा दुरुस्त करायचाच आहे.

*

प्रतिसाद: ताई, तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की बराचसा शोध त्यातच लागतो. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुमचा प्रोग्रॅम निर्दोष आहे. नॅनोवर दोन वेगळ्या चिप असतात. प्रोग्रॅम चालवते ती वरची एटीमेगा३२८पी. लॅपटॉपशी बोलते ती बोर्डाच्या पोटाकडची सीएच३४०. एटीमेगा पूर्ण मेली तरी सीएच३४० शाबूत असेल तर लॅपटॉपमध्ये पोर्ट दिसायला हवा. (लिओनार्डोसारख्या बोर्डांवर एकच चिप दोन्ही कामं करते, तिथे प्रोग्रॅम चुकला तर पोर्ट नाहीसा होऊ शकतो. तुमच्याकडे तो प्रश्न नाही.)

दुसरी गोष्ट, ड्रायव्हरही नव्हे. ड्रायव्हर नसता तर विंडोजने बोर्डाचं नाव तरी वाचलं असतं. 'यूएसबी २.० सिरियल' असं काहीतरी दिसलं असतं, कोड २८ आला असता आणि तपशिलात १ए८६ हा कंपनीचा आणि ७५२३ हा चिपचा क्रमांक दिसला असता. तुमच्याकडे लॅपटॉपने "तू कोण?" विचारलं आणि उत्तरच आलं नाही. डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड म्हणजे नेमकं हेच. ड्रायव्हरची पाळी या प्रश्नोत्तरानंतर येते, त्यामुळे तो कितीही वेळा टाकला तरी उपयोग नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: जोडताना आवाज येतो. यूएसबीत माहितीच्या दोन तारा, डी-प्लस आणि डी-मायनस. सीएच३४० आतल्या रोधातून (रेझिस्टरमधून) डी-प्लसचा व्होल्टेज वर ओढून धरते, आणि त्यावरूनच लॅपटॉपला कळतं की कुणीतरी आलंय. ती तार तुटली असती तर आवाजही आला नसता. म्हणजे वीज पोचते, डी-प्लस पोचते, पण संभाषण होत नाही. माझा संशय डी-मायनसवर आहे.

नॅनोच्या मिनी सॉकेटला पाच पाय असतात: वीज, डी-मायनस, डी-प्लस, एक रिकामा आणि ग्राउंड. चार्जरवर चालायला कडेचे दोन पुरतात, म्हणून तिथे काहीच कळत नाही. सीएच३४०जी चिप असेल तर तिचा पाचवा पाय डी-प्लस आणि सहावा डी-मायनस. बोर्डाची वीज आणि केबल काढा, मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (तार सलग असेल तर बीप देणाऱ्या खुणेवर) ठेवा आणि सॉकेटच्या पायापासून चिपच्या पायापर्यंत बीप येतो का बघा. दोन्हीकडे बीप आला तर मात्र चिपशेजारचा १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (चिपला ताल देणारा भाग) किंवा खुद्द चिप तपासावी लागेल.

एक विचारतो: हा डबा लावलाय कुठे, आणि त्याला वीज कशातून देता?

धागाकर्ती: केवढं समजावून सांगितलंत! डबा दाराच्या वर, पॅसेजच्या खिडकीजवळ आहे. पावसात तिथे शिंतोडे येतात. वीज त्याच मिनी सॉकेटमधून, चार्जरने. केबल डब्यातून साधारण पाच फूट खाली लोंबते.

प्रतिसाद: मग दोन्ही कारणं तुमच्याच उत्तरात आली. मुंबईची खारट दमट हवा आणि केबलचं वजन. सॉकेट महिनोन्‌महिने खाली ओढला जातोय. भिंग घेऊन सॉकेटची मागची बाजू बघा. हिरवट-पांढरा थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना मऊ टूथब्रश. पूर्ण वाळल्याशिवाय वीज देऊ नका.

*

प्रतिसाद: कुणाकडे लिनक्स असेल तर तिथे 'डीमेसेज' (लिनक्सच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) बघा. अशा बिघाडात 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर -७१' अशी ओळ येते. आणि उबुंटू २२.०४ (लिनक्सचाच एक प्रकार) वाल्यांसाठी: तिथे सीएच३४० चा पोर्ट क्षणभर दिसून गायब होत असेल तर ब्रेल यंत्रांसाठीचं 'बीआरएलटीटीवाय' हे पॅकेज त्याला आपलं समजून धरून ठेवतं. तो वेगळा आजार, इथल्याशी संबंध नाही. पण शोधत येणाऱ्यांच्या कामी येईल.

*

धागाकर्ती: सापडलं!

स्टेशनजवळच्या घड्याळवाल्या काकांनी डोळ्याला लावायचं भिंग दोन दिवसांसाठी दिलं. सॉकेटच्या मागे पाच पाय ओळीत, ज्वारीच्या दाण्याहूनही बारीक. पहिल्या दोघांवर हिरवट पूड होती. अल्कोहोलने घासली, रात्रभर सुकू दिलं, सकाळी पुन्हा भिंगातून पाहिलं, तर दुसऱ्या पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर. पाय जागेवर दिसत होता, पण बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीला चिकटलेला नव्हता.

मीटर लावला. चिपच्या पाचव्या पायावर बीप. सहाव्यावर शांत. मग सॉकेटवर अंगठा दाबून धरला आणि बीप आला. अंगठा काढला, गेला. तीनदा करून पाहिलं. तीन आठवडे ज्याच्या मागे होते ते बोटाखाली सापडलं, मला तिथेच रडू आलं.

आता मला सांगा, या पायाला सोल्डर मी देऊ का? माझ्याकडे २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न आहे, पण टोक जाड आहे.

प्रतिसाद: अभिनंदन! जाड टोकाने देऊ नका. दोन पायांमध्ये ०.८ मिलिमीटर अंतर असतं आणि डी-मायनसच्या अगदी शेजारी ५ व्होल्टचा पाय आहे. सोल्डर पसरलं तर ते ५ व्होल्ट थेट चिपमध्ये आणि लॅपटॉपच्या सॉकेटमध्ये जातील. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, त्यांचा हात यावर बसलेला असतो. फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन) लावून पाचही पाय आणि सॉकेटच्या पत्र्याचे कान पुन्हा तापवून द्या म्हणावं. आणि लॅपटॉपला लावण्याआधी पहिल्या-दुसऱ्या पायात बीप येत नाही ना, एवढं घरी मीटरने बघाच.

*

धागाकर्ती: शेवटचं अपडेट.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाने मायक्रोस्कोपखाली पाच मिनिटांत काम केलं, ५० रुपये घेतले. घरी मीटरने तपासलं, शॉर्ट नाही. लॅपटॉपला लावलं आणि 'यूएसबी-सिरियल सीएच३४०, कॉम ५'!

पण प्रोग्रॅम चढेना. 'नॉट इन सिंक' असा निरोप दहा वेळा. क्षणभर पोटात गोळा आला. मग लक्षात आलं की सॉफ्टवेअर नव्याने घातल्यामुळे जुनी निवड पुसली गेली होती. टूल्समध्ये प्रोसेसरपाशी 'ओल्ड बूटलोडर' (बूटलोडर म्हणजे बोर्डावर नवा प्रोग्रॅम उतरवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) निवडलं आणि पहिल्या फटक्यात चढला.

प्रतिसाद: बरोबर. जुना बूटलोडर ५७६०० च्या वेगाने बोलतो, नवा ११५२०० ने. स्वस्त नॅनोंमध्ये अजूनही जुना सापडतो. तिथे पोर्ट दिसत असतो, फक्त दोघांचा वेग जुळत नाही. पुढच्यांनी हे दोन बिघाड एकमेकांत मिसळू नयेत.

धागाकर्ती: हो, म्हणूनच सगळं क्रमाने लिहून ठेवलं.

डबा आता खिडकीपासून आत सरकवलाय. केबल डब्याच्या आतच दोन केबल टायनी बांधली, सॉकेटवर भार शून्य. नवा नॅनोही आणलाय, त्यातही हाच प्रोग्रॅम चढवून पिशवीत ठेवलाय. पट्टी आता दोन मिनिटं आणि दुप्पट वेगाने लागते. काल दुपारी दीड वाजता भर उन्हात वहिनींनी मुद्दाम बटण दाबून पाहिलं. सासूबाईंनी मिनिटाच्या आत दार उघडलं, आणि वहिनींना आत बोलावून चहा टाकला.