अमेरिकेतल्या मिडल स्कूलमधून थेट जपानच्या सरकारी चुगाक्कोत, मुलीला जमेल का?

जर्सीतली_आई

नमस्कार मंडळी, नवऱ्याची टोकियोला बदली होतेय, ऑगस्टमधे शिफ्ट होऊ आणि घर बहुतेक निशिकसाईलाच बघतोय कारण तिकडे आपली बरीच लोकं आहेत. लेकीला जानेवारीत बारा पूर्ण झाली, जूनमधे इथली सहावी संपेल. ऑफिसवाले म्हणतात इंटरनॅशनल स्कूल बघा, पण फी बघून डोळे पांढरे झाले आणि खरं सांगायचं तर मलाच वाटतंय की जपानमधे राहायचं तर तिथल्या शाळेत जावं. तिथे सातवी ते नववी म्हणजे चुगाक्को, ज्युनिअर हाय, एवढं वाचलंय. पण प्रत्यक्षात काय फरक असतो? इथे तिची गणिताची वरची बॅच आहे, दर तासाला वर्ग बदलतात, लॉकर आहे, स्कूल बस दारात येते, केस निळे केले तरी कोणी काही म्हणत नाही. तिकडे हे सगळं उलटं असतं असं ऐकते. जपानी भाषा तिला फक्त हिरागाना काताकाना या दोन सोप्या लिप्यांपुरती येते. ज्यांची मुलं तिथे शिकलीत किंवा जे तिथल्या शाळांत काम करतात त्यांनी प्लीज सविस्तर सांगा. युरोपातल्यांनी पण लिहा.

एदोगावाकर

ताई, आमचा मुलगा प्राथमिकला असताना आम्ही आलो आणि नंतर सरकारी चुगाक्कोतूनच पास आउट झाला, आता हायस्कूलला आहे, तर जे बघितलंय ते लिहितो.

पहिली गोष्ट, इयत्ता वयावरून ठरते, काय येतं काय नाही त्यावरून नाही. १ एप्रिलला तुमची मुलगी बारा वर्षांची होती म्हणजे ती यंदाच चुगाक्कोच्या पहिल्या वर्षात, आणि सप्टेंबरमधे दुसऱ्या टर्मला जॉइन होईल. ६-३-३ ची ही रचना (सहा वर्षं प्राथमिक, तीन चुगाक्को, तीन हायस्कूल) १९४७ पासूनची आहे आणि चुगाक्को संपेपर्यंतच शिक्षण सक्तीचं आहे. आपल्यासारख्या परदेशी लोकांवर सक्ती नाही, पण वॉर्ड ऑफिसात जाऊन अर्ज केला की घेतात, फी नाही, पुस्तकंही फुकट. युनिफॉर्म, जिमचे कपडे, बॅग, शाळेच्या आत घालायचे वेगळे बूट याचा खर्च मात्र एकदम येतो, त्याची तयारी ठेवा.

वर्गाचं म्हणाल तर तुम्ही महाराष्ट्रात शिकला असाल तर तुम्हाला ओळखीचं वाटेल, तुमच्या मुलीला नाही वाटणार. मुलं एकाच वर्गात बसून राहतात आणि शिक्षक येतात जातात, तास ५० मिनिटांचा. वर्गशिक्षक म्हणजे तान्निन, आणि त्याला तुमच्या मुलाचं सगळं माहीत असतं, अगदी संध्याकाळी मुलं कुठल्या पार्कात रेंगाळतात तेसुद्धा. गणिताची वरची बॅच, खालची बॅच असं फारसं नाही. काही शाळांत गणित-इंग्रजीला छोटे गट करतात पण अभ्यासक्रम सगळ्यांना तोच. अमेरिकेत तुमच्या मुलीचं टाइमटेबल तिचं एकटीचं असतं, इथे टाइमटेबल वर्गाचं असतं. माझ्या मते सगळा फरक इथून सुरू होतो.

मग साफसफाई. जेवणानंतर किंवा शेवटच्या तासानंतर पंधरा-वीस मिनिटं बाकं मागे सरकवायची, झाडू मारायचा, ओल्या फडक्याने फरशी पुसायची, जिने, बऱ्याच शाळांत टॉयलेटसुद्धा, गटागटाने पाळी लावलेली असते आणि शिक्षकही हातात फडकं घेऊन उभे असतात. ही शिक्षा नसते, शाळेच्या दिवसाचाच भाग असतो. आमच्याकडे एका अमेरिकन शेजाऱ्याला हे बालमजुरी वाटलं होतं, आणि मला जिल्हा परिषदेच्या शाळेतलं शनिवारचं वर्ग झाडणं आठवलं. घरी मुलगा स्वतःचं ताट उचलायला लागला ते कोणी शिकवलं असेल तर शाळेने, आम्ही नाही.

जेवणही तसंच. पाळीवर असलेली मुलं पांढरा डगला, टोपी, मास्क घालून मोठी पातेली वर्गात आणतात, डावाने सगळ्यांना सारखं वाढतात, सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय कोणी घास घेत नाही, शिक्षकही तिथेच जेवतात. कॅफेटेरिया नाही, कोणाबरोबर बसायचं हा प्रश्नच नाही. अमेरिकेत एकटं बसून जेवणाऱ्या मुलांचं जे दुःख असतं ते इथे निदान त्या अर्ध्या तासात तरी नसतं. हे मला फार मोलाचं वाटतं. पण सगळ्या गावात हे जेवण आहेच असं नाही, योकोहामात चुगाक्कोच्या मुलांना वर्षानुवर्षं घरून डबा न्यावा लागायचा.

आणि बुकात्सु म्हणजे शाळा सुटल्यावरचे क्लब, टेनिस, केंदो म्हणजे जपानी तलवारबाजी, ब्रास बँड, चित्रकला वगैरे. अमेरिकेत सीझनप्रमाणे खेळ बदलतात आणि ट्रायआउटमधे निवड होते. इथे एप्रिलमधे एक क्लब घेतला की तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंत तोच, आणि साधारण कोणालाही घेतात, येत नसलं तरी. पहिल्या वर्षी मात्र चेंडू गोळा करा, नेट लावा, आणि वरच्या वर्गातल्यांशी आदराने बोला. प्राथमिकला जी मुलं एकमेकांना नावाने हाक मारायची ती इथे आल्यावर वरच्या वर्गातल्यांना अचानक सेनपाई, म्हणजे मानाने 'सीनियर', म्हणायला लागतात, आमच्या मुलाला भाषेपेक्षा हेच जड गेलं होतं.

म्युनिकवाला

एक सांगतो, पाश्चात्य देश असा एक गठ्ठा करू नका. आमच्या बायर्नमधे, म्हणजे जर्मनीतल्या म्युनिकच्या राज्यात, चौथीनंतरच, म्हणजे दहाव्या वर्षी, मुलं वेगळी होतात. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली (इथे १ म्हणजे उत्तम) असेल तरच सरळ जिम्नाझियम म्हणजे युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा, नाहीतर रेआलशूले किंवा मिटेलशूले या त्याखालच्या शाळा. चौथीतल्या मुलांच्या आयांचं ब्लड प्रेशर बघा एकदा. त्या मानाने जपानचं मला जास्त न्याय्य वाटतं, डॉक्टरचा मुलगा आणि ट्रक ड्रायव्हरचा मुलगा पंधरा वर्षांपर्यंत एकाच बाकावर, निदान सरकारी शाळेत.

बाकी आमच्याकडे बऱ्याच शाळा दुपारी एकच्या सुमाराला सुटतात, खेळ गावातल्या क्लबमधे म्हणजे फेराइनमधे, शाळेचा त्याच्याशी संबंध नाही. मार्क कमी पडले तर त्याच वर्गात परत बसवतात. माझी बहीण नागोयाला असते, तिच्याकडून कळलं की जपानमधे चुगाक्कोत कोणालाच मागे ठेवत नाहीत. हे चांगलं की वाईट ते तिथल्यांनी सांगावं.

साइतामाची_सेन्सेई

मी इथल्या सरकारी चुगाक्कोंमधे इंग्रजीची असिस्टंट म्हणून काम करते त्यामुळे स्टाफरूमच्या बाजूने लिहिते. एदोगावाकरांचं सगळं बरोबर आहे पण त्याची दुसरी बाजूही ताईंना माहीत हवी.

मागे ठेवत नाहीत हे खरं, पण याचा अर्थ असा की ज्याला पहिल्या वर्षाचं बीजगणित कळलेलं नाही तोही तिसऱ्या वर्षात वर्गमुळांच्या तासाला बसलेला असतो आणि पस्तीस-चाळीस मुलांत शिक्षकाला त्याच्यापर्यंत पोचायला वेळ मिळत नाही. मग पालक त्याला जुकुत घालतात, आपल्याकडचे क्लासेस म्हणा ना. ज्यांना परवडत नाही त्यांचं काय हा प्रश्न शाळेत कोणी मोठ्याने विचारत नाही, मला तो रोज दिसतो.

शिक्षकांचं बघायचं तर २०१८ च्या ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या सर्व्हेत जपानच्या चुगाक्को शिक्षकांचा आठवडा ५६ तासांचा निघाला, सगळ्या देशांत सर्वात जास्त, सरासरी होती ३८.३. शिकवण्यात यातला अर्धा वेळही जात नाही, बाकी सगळा बुकात्सु, मीटिंगा, कागदपत्रं, आणि पोरगं सुपरमार्केटात पकडलं गेलं तर तिथेही तान्निनच धावत जातो. अमेरिकेत त्यासाठी काउन्सेलर असतो, कोच वेगळा, सफाईला माणूस वेगळा. इथे ते सगळं मिळून एक माणूस आहे. २०१८ मधेच सरकारने बुकात्सुला आठवड्यात दोन दिवस सुट्टी, शाळेच्या दिवशी दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी तीन तास अशी मर्यादा सांगितली, आणि २०२३ पासून शनिवार-रविवारचे क्लब शाळेबाहेर गावातल्या संस्थांकडे द्यायला सुरुवात झालीये. काही गावांत छान चाललंय, काही ठिकाणी कोच मिळत नाहीत.

आणि ज्याबद्दल मला खरंच काळजी वाटते ते म्हणजे फुतोको, शाळेत न येणारी मुलं. वर्षात ३० किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर, आजारपण आणि पैशाची अडचण सोडून, अशी मुलं २०२३ साली प्राथमिक आणि चुगाक्को मिळून ३,४६,४८२ होती आणि त्यातली २,१६,११२ चुगाक्कोतली. ही काही वाईट मुलं नसतात, बरीचशी तर अतिशय गुणी. वर्ग म्हणजेच सगळं असतं ना इथे, जेवण वर्गात, स्पोर्ट्स डे वर्गाचा, कोरसची स्पर्धा वर्गावर्गात, त्यामुळे त्या एका वर्गात जमलं नाही की मुलाला जायला दुसरी जागाच उरत नाही. अमेरिकेत गणिताच्या वर्गात कोणाशी पटलं नाही तर पुढच्या तासाला दुसरी मुलं भेटतात. आता बऱ्याच शाळांनी वर्गाबाहेर एक शांत खोली ठेवलीये जिथे बसून अभ्यास केला तरी हजेरी लागते. शाळा बघायला जाल तेव्हा ही खोली आहे का आणि तिथे कोण बसतं ते अवश्य विचारा.

मी शाळेच्या विरुद्ध नाहीये हं. कोरसच्या स्पर्धेआधी महिनाभर ही मुलं रोज सकाळी लवकर येऊन गातात, आवाज फुटलेली पोरं बेस धरायचा प्रयत्न करतात, आणि हरले की मुलगेसुद्धा रडतात. असं वर्गाने मिळून काहीतरी करणं मी दुसऱ्या कुठल्याच देशात पाहिलं नाही. शिवणकाम आणि स्वयंपाकही १९९३ पासून मुलगे-मुली दोघांना सारखाच आहे.

जर्सीतली_आई

बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. आता अजून विचारते. आम्ही शाकाहारी, अंडं चालतं, मासे नाहीत. तिचे कान टोचलेले आहेत. आणि चुगाक्को संपल्यावर पुढे काय? आम्ही तीन वर्षांसाठी येतोय, कदाचित पाच होतील.

साइतामाची_सेन्सेई

कानांचं आधी सांगते. बहुतेक चुगाक्कोत कानातलं चालत नाही, केस रंगवणं नाही, केसांचं रबर काळं, निळं किंवा तपकिरी, काही ठिकाणी मोज्यांचा रंगही ठरलेला. भोकं असायला हरकत नसते, वर्गशिक्षकांना आधीच सांगून ठेवा की आमच्याकडे लहानपणीच टोचतात, लग्नसराईत मेंदी लागते तेही सांगा. हवं तर शाळेपुरते पारदर्शक प्लास्टिकचे खडे चालतील का विचारा, पण हो म्हणतीलच असं नाही. आता नियम थोडे सैलावतायत. ओसाकातल्या एका सरकारी हायस्कूलमधे आपले केस जन्मजात तपकिरी आहेत असं सांगणाऱ्या मुलीला केस काळे करायला लावले, ती कोर्टात गेली, २०२१ मधे कोर्टाने तिला ३,३०,००० येन भरपाई दिली पण केसांचा नियम मात्र चुकीचा नाही म्हटलं. तरी त्यावर देशभर एवढी चर्चा झाली की २०२२ पासून टोकियोच्या सरकारी हायस्कूलांनी जबरदस्तीने केस काळे करायला लावणं बंद केलं. चुगाक्कोत ते हेडमास्तरवर अवलंबून.

एदोगावाकर

जेवणाबद्दल, दर महिन्याला मेन्यूचा कागद घरी येतो, त्यात कुठल्या दिवशी काय घातलंय ते लिहिलेलं असतं. आमची ही मार्कर घेऊन बसायची आणि माशाच्या अर्कावर फुली मारायची, आणि तो अर्क सुपात, भाजीत, सगळीकडे असतो. वेगळं शिजवून देणार नाहीत, पण घरून डबा न्यायला परवानगी मिळते, फक्त अर्ज करावा लागतो. पोळीभाजी बिनधास्त द्या, पहिले काही दिवस सगळे वाकून बघतात मग कोणाला काही वाटत नाही.

आता पुढचं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. न्यू जर्सीत आठवी संपली की मुलगी आपोआप हायस्कूलला जाते. इथे हायस्कूल सक्तीचं नाही आणि प्रवेश परीक्षा देऊनच मिळतं, तरी जवळपास सगळी मुलं देतात. टोकियोच्या सरकारी हायस्कूलला फेब्रुवारीत पाच विषयांची लेखी, जपानी, गणित, इंग्रजी, विज्ञान, समाजशास्त्र, त्याला ७०० गुण, आणि शाळेच्या रिपोर्टला म्हणजे नाइशिनला ३००. या रिपोर्टमधे संगीत, चित्रकला, पीटी आणि तंत्र-गृहशास्त्र यांचे मार्क दुप्पट धरतात कारण त्यांची लेखी परीक्षा नसते. म्हणजे गणितात हुशार पण उंच उडीत आणि बासरी वाजवण्यात कच्चा असलेला मुलगा इथे मागे पडतो. आपल्या लोकांना हे तिसऱ्या वर्षी कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

तुमच्या लेकीला सप्टेंबरपासून अडीच वर्षं मिळतील. प्राथमिकच्या १०२६ कांजी, म्हणजे चिनी पद्धतीची चित्राक्षरं, तिच्या वर्गातल्या मुलांना येत असतात, त्यावर अजून अकराशेच्या आसपास चुगाक्कोत. परदेशातून नुकत्याच आलेल्यांसाठी काही सरकारी हायस्कूलमधे वेगळा कोटा आहे, आणि त्यात इथे येऊन साधारण तीन वर्षांच्या आत असणं हीच अट असते, तुम्ही त्यात बसाल. त्याची माहिती आल्या आल्या काढा, शाळा स्वतःहून सांगेलच असं नाही.

माझं स्पष्ट मत विचाराल तर तीनच वर्षांनी परत जाणं पक्कं असेल तर ग्लोबल इंडियन किंवा इंडिया इंटरनॅशनल या इथल्या भारतीय शाळा बघा, दोन्ही सीबीएसई आणि दोन्ही निशिकसाईहून जमण्यासारख्या, गणिताचा वेगही तुटणार नाही. पाच किंवा जास्त होणार असतील आणि मुलगी स्वतः तयार असेल तर चुगाक्को. पण तिला विचारून, तिच्या डोक्यावर लादून नको, कारण पहिलं वर्ष ती वर्गात मुकी बसणार आहे आणि ते सहन तिने करायचंय. आणि घराचं अ‍ॅग्रीमेंट करायच्या आधी वॉर्डच्या शिक्षण विभागात जाऊन विचारा की त्या पत्त्याला कुठली चुगाक्को येते आणि तिथे जपानी भाषेचा वेगळा वर्ग आहे का. तो सगळ्या शाळांत नसतो, आणि नसला तर त्यासाठी आठवड्यातून काही तास दुसऱ्या शाळेत जावं लागतं.