भुसावळच्या घरातील वरचे बिऱ्हाड: करार, गळती आणि एकच मीटर

तापीकाठ (मूळ प्रश्न)

नमस्कार. भुसावळला आमचे दुमजली घर आहे. ते आईच्या नावावर असून ती खाली राहते आणि मी नोकरीमुळे नाशिकला असतो. वरच्या दोन खोल्या तीन वर्षांपूर्वी ७,००० रुपये भाडे आणि ३०,००० रुपये अनामत ठरवून दिल्या. ओळखीतले बिऱ्हाड म्हणून लेखी काहीच केले नाही. गेल्या पावसाळ्यात छताला ओल येऊन पोपडे पडले, तेव्हा भाडेकरूंनी मला न विचारता मिस्त्री लावला आणि ४,००० रुपये भाड्यातून वळते करून घेतले. ते काम महिनाभरही टिकले नाही. मीटर एकच असल्याने बिलावरूनही दर महिन्याला कुरबुर होते. माणसे वाईट नाहीत, आईला रात्री दवाखान्यात त्यांनीच नेले होते. त्यामुळे त्यांना काढायचे नाही, पण मृगाच्या आधी व्यवहार मार्गी लावायचा आहे. सुरुवात कोठून करावी?

धुळेकर वकील

सुरुवात करारापासून करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. नोंदणी नसल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे; शिवाय वाद झालाच तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हा शेवटचा भाग लोकांना ठाऊकच नसतो.

खर्चाला घाबरू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाडे अधिक अनामतीवरील वार्षिक १० टक्के काल्पनिक व्याज यांवर ०.२५ टक्के असते. करार अकरा महिन्यांचा धरला तर तुमच्या आकड्यांनुसार भाडे ७७,००० आणि व्याज साधारण २,७५० रुपये, म्हणजे शुल्क दोनशे रुपयांच्या आसपास भरते. नोंदणी फी शहरात १,००० रुपये. 'लीव्ह अँड लायसन्स', म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरण्याची फक्त परवानगी देणारा करार, करा आणि जागा देणार म्हणून आईंचेच नाव घाला. किरकोळ दुरुस्ती कोणाकडे, छत आणि मुख्य नळजोडणी कोणाकडे, हेही त्यातच लिहा. बिलाचा वाद चिघळला तरी पाणी किंवा वीज तोडू नका. कलम २९ नुसार तो गुन्हा ठरतो.

जळगावचा निवृत्त अभियंता

तापीकाठ, मिस्त्रीला बोलावण्याआधी पाणी नेमके कोठून येते ते शोधा. गच्चीच्या पन्हळीचे तोंड ओल्या गोणपाटाने घट्ट बुजवा, दोन-तीन इंच पाणी भरून चोवीस तास ठेवा आणि खालच्या छतावर ओल जेथे उमटेल तेथे खडूने खूण करा. खूण पन्हळीच्या पाइपाजवळ पडली तर दोष सांध्याचा असतो; मधोमध पडली तरच कोबा (गच्चीवरचा सिमेंटचा थर) उखडण्याचा विचार करावा. कठड्याच्या भेगेत पिंपळाचे रोप दिसले तर ते मुळासकट काढा, वरून तोडलेले पुन्हा फुटते.

आपल्याकडे आणखी एक सवय गच्चीला भोवते. मे महिन्यात दिवसभर तापलेल्या कोब्यावर झोपण्यासाठी संध्याकाळी बादल्याच्या बादल्या ओततात, आणि अचानक थंड झाल्याने त्याला केसासारखे तडे जातात. सूर्य मावळून तासभर झाल्यावर शिंपडले तर तेवढे नुकसान होत नाही. खिडकीतील कूलरही तपासा; तळातील पाणी छज्जावर ठिबकून भिंतीत मुरते आणि दोष मात्र स्लॅबला जातो. आमच्याकडे असे दोन हंगाम झाले होते.

नंदुरबारची शिक्षिका

मी बारा वर्षे भाड्याने राहते, म्हणून दुसरी बाजू मांडते. छत सुस्थितीत ठेवणे घरमालकाचेच काम आहे. कलम १४ प्रमाणे किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. तुमचे भाडेकरू नोटिशीत चुकले, रकमेत नव्हे. ती ४,००० रुपयांची गोष्ट आता पुन्हा उकरू नका, दादा. त्यांना भाड्याची पावती मिळते का? ती मागितल्यावर घरमालकाच्या कपाळाला आठी पडलेली मी पाहिली आहे, वास्तविक पावती देणे कायद्याने बंधनकारक आहे.

मीटरबाबत सांगायचे तर दोन्ही घरांचे युनिट एकाच मीटरवर जमले की वापर वरच्या टप्प्यात जातो आणि तेथील दर जास्त असतो. आई आणि भाडेकरू दोघेही प्रामाणिक असून बिल खटकते ते त्यामुळेच. वरच्या मजल्यासाठी महावितरणकडे स्वतंत्र जोडणी मागावी. तोवर वरच्या मजल्याचा वापर वेगळा मोजणारा सबमीटर लावून त्याचे आकडे महिन्याच्या एकाच तारखेला दोघांनी मिळून वहीत लिहावेत.

तापीकाठ

सर्वांचे आभार. शनिवारी भुसावळला जाऊन गच्ची भरली. भाडेकरू स्वतः गोणपाट घेऊन आले आणि रात्री अकरा वाजता टॉर्च धरून छताकडे पाहत उभे राहिले. ओल पन्हळीच्या पाइपाशी हातभर जागेत उमटली, बाकी छत कोरडे राहिले. गेल्या वर्षीचा मिस्त्री मधला भाग लिंपून गेला होता. आता सांधा उकरून नवीन पाइप बसवतो आहे. पावतीपुस्तक घेतले, स्वतंत्र मीटरचा अर्ज दिला; करारासाठी पुढच्या बुधवारी आईला आणि त्यांना सोबतच नेणार आहे.