मदत हवी आहे: स्वतःच्याच छापून आलेल्या पेपरमध्ये चूक सापडली, आता काय करू?

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून लिहितेय. पर्यावरणशास्त्रात पीएचडीचं चौथं वर्ष, विषय बोअरच्या पाण्यातलं शिसं. पोस्ट लांबेल, पण आधीचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

दिवाळीआधी दुसऱ्या राज्यातल्या एका गटाचा पेपर तुलनेसाठी काढला. त्यांनी प्रत्येक नमुन्याचा आकडा तक्त्यात दिलाय, हे खूपच चांगलं. पण त्या आकड्यांची सरासरी छापलेल्या सरासरीशी जुळेना. तीनदा काढली. लेखकांना दोन मेल टाकले, उत्तर नाही. ‘मागणी केल्यास डेटा उपलब्ध’ असं पेपरच्या शेवटी लिहायची पद्धत आहे, तेवढं वाक्य मात्र उपलब्ध होतं.

मग एका रात्री लक्षात आलं. ज्या नमुन्यांत शिसं इतकं कमी होतं की मशीनला दिसलंच नाही, तिथे आकड्याऐवजी ‘बीडीएल’ (बिलो डिटेक्शन लिमिट, म्हणजे मशीनच्या टप्प्याखाली) लिहिलं होतं. एक्सेलचा ॲव्हरेज फॉर्म्युला अक्षरं असलेला सेल शून्य धरत नाही, चक्क सोडून देतो. म्हणजे स्वच्छ बोअर हिशेबातूनच बाद, आणि सरासरी वर! तशी काढून पाहिली तर आकडा चोख जुळला.

पाच मिनिटं फार हुशार वाटलं. मग पोटात गोळाच आला. आमच्या लॅबमध्ये सिनियरकडून ज्युनियरकडे चालत आलेली एकच शीट आहे आणि माझा २०२२ चा पेपर तिच्यावरच झालाय.

उघडली. १८ बोअर, त्यांतले ७ बीडीएल. छापलेली सरासरी लिटरला ११.४ मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) मर्यादा १०, म्हणून ॲब्स्ट्रॅक्टमध्ये (सुरुवातीच्या सारांशात) ठसक्यात लिहिलंय, ‘सरासरी मर्यादेपेक्षा जास्त’. आमच्या मशीनला २ च्या खालचं दिसत नाही. त्या ७ बोअरना प्रत्येकी १ धरलं तर सरासरी ७.४ येते, पुरते २ धरले तरी ७.७. चार बोअर खरंच वाईट आहेत, त्यांचं पाणी कुणी पिऊ नये, ते तसंच राहतं. पण ॲब्स्ट्रॅक्टमधलं ते वाक्य उभं राहत नाही.

छापण्याआधी जर्नलच्या दोन रिव्ह्यूअरनी (तपासणाऱ्या तज्ज्ञांनी) पेपर वाचला होता. एकाने इंग्रजी सुधारायला सांगितलं, दुसऱ्याने तीन संदर्भ वाढवायला (तिन्ही एकाच लेखकाचे, काय ते समजा). पण त्यांच्यावर तरी कशी चिडू? शीट त्यांनी मागितली नाही, मीही दिली नाही.

आणि हर्न्डनची गोष्ट मी ज्युनियर पोरांना रंगवून सांगायचे! राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा सरकारी कर्जावरचा २०१० चा गाजलेला पेपर. थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने त्यांच्याकडून शीट मागून घेतली आणि २०१३ मध्ये दाखवून दिलं की सरासरीच्या फॉर्म्युल्यात पाच देश सुटलेत. माझे सात बोअर सुटले.

माझे गाईड सर म्हणाले, “जवा दे ने बेन (जाऊ दे गं), इतक्या दिवसांत कुणी विचारलं का?” माणूस वाईट नाही, घाबरलेत. बाबा बँकेत कॅशियर होते. ते म्हणतात, पन्नास रुपये जास्त निघाले तरी आम्हाला घरी जाता येत नसे.

तर विचारायचंय ते असं. कॉरस्पाँडिंग ऑथर (जर्नलशी पत्रव्यवहार करणारे लेखक) सर आहेत, मग मी एकटीने संपादकांना लिहिलं तर चालतं का? दुरुस्ती छापतील की पेपरच काढून टाकतील? थीसिसचं एक प्रकरण याच पेपरवर आहे, त्याचं काय? आणि त्या दुसऱ्या गटाचं काय करायचं?

माळव्यातला_रसायनवाला:
ताई, इंदूरहून नमस्कार. कुठलाही सहलेखक संपादकांना लिहू शकतो, पण आधी सगळ्या सहलेखकांना लेखी कळवा. ‘कोप’ची (संशोधन छापण्यातली नीती पाहणाऱ्या समितीची) मार्गदर्शक तत्त्वं जर्नलच्या साइटवर बहुधा असतातच. प्रामाणिक चूक असेल आणि बाकीचं काम टिकत असेल तर दुरुस्ती, मुख्य निष्कर्षच ढासळत असेल तर पेपर मागे. तुमचं मधलं प्रकरण वाटतं, ठरवू दे संपादकांना. पेपर मागे घेणं म्हणजे तोंड काळं होणं नव्हे. फ्रान्सिस आर्नोल्डबाईंना २०१८ चं नोबेल मिळालं आणि जानेवारी २०२० मध्ये त्यांनी ‘सायन्स’मधला आपला पेपर स्वतःहून मागे घेतला, प्रयोग पुन्हा जमेना म्हणून. वर जाहीर माफीही मागितली.
थीसिसमध्ये नवे आकडे घाला आणि का बदलले तेही लिहा. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) दुसऱ्याने चूक काढण्यापेक्षा ते बरं.

आकडेमोडे:
एक खोडा घालतो. बीडीएलला मशीनच्या मर्यादेच्या निम्मा आकडा धरणं (तुमचा १) सर्रास चालतं, पण डेनिस हेल्सेल यांच्यासारखे संख्याशास्त्रातले लोक कित्येक वर्षं त्याविरुद्ध लिहीत आलेत. तुमचे निम्म्याहून कमी नमुने बीडीएल आहेत, तेव्हा मीडियन (आकडे क्रमाने लावल्यावर येणारा मधला) सरळ निघतो, एकही आकडा मनाने धरावा लागत नाही. तोच द्या. मूळ शीट आणि दुरुस्त शीट दोन्ही झेनोडोवर (संशोधनाचा डेटा ठेवायची साइट) टाका, डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) मिळतो, फुकट आहे.
दुसऱ्या गटाबद्दल पबपीअरवर (छापलेल्या पेपरांवर चर्चा करायची साइट) निनावी लिहिता येतं, पण आधी स्वतःची दुरुस्ती जाऊ द्या. मग नाव घालून थेट त्यांच्या संपादकांना लिहा. ‘हीच चूक आमचीही झाली’ असं लिहिलेलं पत्र कोण फेकून देईल?

धागाकर्ती:
दोघांचे आभार. मीडियन काढला, ४.५ आला. इतकी वर्षं तो शेजारच्याच कॉलममध्ये काढता आला असता. मेलचा मसुदा तयार आहे, उद्या सरांना दाखवते, त्यांनी सही केली तर त्यांच्याच नावाने जाईल, नाही तर माझ्या. शीटच्या पहिल्या पानावर माझ्याआधीच्या पाच जणांची नावं आहेत, त्यांनाही कळवायला हवं. त्यातल्या एकीचं रविवारी मांडवीजवळ लग्न आहे आणि मला आमंत्रण आहे. तिला सोमवारनंतर सांगेन म्हणते.