सोलापुरात शनिवार-रविवार: चादर आणि चटणीपलीकडे काय बघावं?

माधवी_नाशिक

नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेर अक्कलकोट आणि तुळजापूर करायचं ठरलंय, मुक्काम सोलापुरात. सोबत आई आणि लेक. लेक टेक्स्टाईल डिझाईन शिकते, तिला कापड कसं तयार होतं ते बघायचंय. आईला देवळं हवीत, मला जुनं गाव पायी हिंडायला आवडतं. ज्याला विचारावं तो म्हणतो, "सोलापुरात काय आहे? चादरी घ्या, शेंगा चटणी घ्या आणि निघा." मला हे पटत नाही. तिथल्याच माणसांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

पूर्वभागवाली

माधवीताई, किल्ल्यापासून नको, मागापासून करा.

मी पूर्व भागातली, साखर पेठेत वाढले. घरात तेलुगू, शाळेत मराठी, समोरच्या वाड्यात कन्नड. आमची पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाची, माणसं तेलंगणातून इकडे आली ती माग आणि गिरण्यांच्या ओढीनं. माझे वडील जकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी, कार्डं पाडायचे. चादरीवर जो मोर दिसतो ना, तो आधी चौकटीच्या कागदावर उतरतो. ताण्याचा, म्हणजे उभा, कोणता धागा उचलायचा, कोणता खालीच ठेवायचा, हे एकेक चौकट सांगते. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, पट्ट्या दोरीनं ओवून त्यांची लांब माळ करायची आणि ती मागाच्या डोक्यावर चढवायची. आडवा धागा नेणारा धोटा एकदा इकडून तिकडे गेला की पुढचं कार्ड समोर येतं. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला राहतो. वडील दिवा खाली ओढून ओठांतल्या ओठांत आकडे मोजायचे आणि तेवढा वेळ आम्ही पोरं चिडीचूप. एक भोक चुकलं तर त्या माळेवर निघणाऱ्या प्रत्येक चादरीत मोराच्या मानेवर तोच डाग.

आता नक्षी बहुतेक संगणकावर होते, इलेक्ट्रॉनिक जकार्डही आलंय. तरी कार्डांचे जुने माग शोधले तर सापडतात. लेकीला सांगा, अस्सल जकार्ड चादर उलटून बघ. दोन्ही अंगांना तीच नक्षी, रंग मात्र अदलाबदल झालेले. ही कला नाही तर काय? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचा मला अभिमान आहेच. पण ते मानांकन ज्या हातांचं, ते हात बघायला फार कमी पाहुणे येतात, याचं वाईट वाटतं.

आईंना आमच्या मार्कंडेय मंदिरात न्या. नारळी पौर्णिमेला इथून रथ निघतो, तेव्हा सगळा पूर्व भाग रस्त्यावर असतो. डिसेंबरात ते नाही दिसणार, पण देऊळ शांतपणे बघता येईल.

भीमाकाठचा

गाडी असेल तर एक सकाळ हत्तरसंग कुडलला द्याच. सोलापूरपासून तासाभराची वाट, दक्षिण सोलापूर तालुक्यात भीमा आणि सीना जिथे भेटतात तिथे. संगमेश्वराच्या देवळात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख आहे. हा वाचेल तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. हजार वर्षांपूर्वीची आपली भाषा अशी हाताच्या अंतरावर बघून माझ्या तर अंगावर काटा येतो. शेजारच्या हरिहरेश्वराच्या देवळात साडेतीनशेहून जास्त मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. प्रत्येक चेहरा वेगळा, नीट वेळ काढून बघा. दुपारी तिथे ऊन फार, सकाळीच जा.

माधवी_नाशिक

वा, कुडल नक्की! पूर्वभागवालीताई, तुमचं वाचून लेक आत्ताच बॅग भरायला बसली. किल्ला आणि सिद्धेश्वर एकाच फेरीत होईल का? आईला फार चालवत नाही.

बाळीवेसकर

होईल. सिद्धेश्वराचं देऊळ तलावात आहे आणि तलाव किल्ल्याला लागूनच. आईंना सिद्धेश्वराच्या देवळात निवांत बसू द्या, तोवर तुम्ही भुईकोट फिरून या. बहामनी काळातला, दुहेरी तटाचा किल्ला. माझ्या मते बुरुजापेक्षा तटाच्या आतून चालण्यात जास्त मजा आहे.

पण तारीख पुढे ढकलता येत असेल तर संक्रांतीला या, गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला. सिद्धरामेश्वर, म्हणजेच हे सिद्धेश्वर, बाराव्या शतकातले शिवयोगी, त्यांची वचनं कन्नडमध्ये आहेत. त्यांच्याशी लग्न करायचा हट्ट कुंभाराच्या मुलीनं धरला, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाहाला मान्यता दिली, अशी कथा. तोच विवाह दरवर्षी लागतो. सात नंदीध्वज निघतात, गावातल्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, मग संमती कट्ट्यावर अक्षता. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी नंदीध्वजाची उंचच उंच काठी कंबरेच्या पट्ट्यावर पेलत चालतात. माझा भाऊ काठी धरतो. त्याचा सराव आधीपासून चालतो, कारण तोल एकट्याचा नसतो, दोऱ्या धरणाऱ्या सगळ्यांचा असतो. "सत्यम् सत्यम्, दिड्डम् दिड्डम्" झालं की हजारो हातांतून अक्षता पडतात. लग्न लावायला कोण कुठल्या जातीचा, कुठल्या भाषेचा, हे तिथे कुणी विचारत नाही.

त्याच सुमारास, १२ जानेवारीला, पार्क चौकाजवळच्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार पडतात. १९३० साली इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १९३१ साली येरवड्यात फाशी दिलं. डिसेंबरात आलात तरी तिथे थांबा.

पूर्वभागवाली

बाळीवेसकरांचं बरोबर आहे, गड्ड्याला जमलं तर उत्तमच. नाही जमलं तरी मागासाठी यायचं रद्द करू नका.

जेवणाचं राहिलंच. कडक भाकरी घ्या, ती आठवडाभर टिकते. चटणी कुटलेली मागा, तेल सुटलेली. कोरडी भुकटी घेऊ नका.

कारखान्यात जायचं तर आधी फोन करून सुट्टीचा वार विचारा. आत आवाज इतका असतो की बोलणं हातवाऱ्यांनीच होतं, आईंना नेऊ नका. फोटो काढायला मालक हो म्हणाले तरी मागावरच्या माणसालाही विचारा. आणि लेकीनं नक्षीचा कागद दाखवायला सांगावं. चौकटीचं कुणी विचारलं की आमची जुनी माणसं माग सोडून समजावून सांगायला येतात.