मदत हवी आहे: धावताना ऐकायला वेगवान ख्रिस्ती गाणी

सलाम मंडळी. सकाळी ट्रेडमिलवर अर्धा तास धावते. जिममध्ये लागणाऱ्या गाण्यांचा ताल झकास, पण प्रार्थना करून घराबाहेर पडल्यावर ते शब्द कानात नकोसे होतात.

‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली, कवी ना. वा. टिळकांची पदं लावून पाहिली. जीव ओवाळून टाकावा अशी, पण पेटी-तबल्यावर सावकाश गायची. पाय आपोआप मंदावतात. ॲपमध्ये वेग वाढवला तर शब्द एकमेकांवर आदळतात. इंग्रजी गॉस्पेल रॅपला वेग आहे, अर्थ मात्र धापा टाकताना डोक्यात शिरत नाही. ऑडिओ बायबल चालताना छान, धावताना नाही.

माझी पावलं मिनिटाला साधारण १६० पडतात, म्हणजे मिनिटाला १६० किंवा निम्मे, ८० ठोके असलेलं गाणं चालेल. मराठी किंवा हिंदी हवं, कोंकणीही समजते. शेवटच्या स्ट्रेचिंगसाठी संथ भजनं भरपूर आहेत, ती नकोत. जिम तळघरात आहे, रेंज येत नाही, त्यामुळे आधी डाउनलोड करता आली पाहिजेत.

या वेगात बसणारी, शक्यतो बायबलमधल्या स्तोत्रांच्या वचनांवरची कोणती गाणी तुम्ही स्वतः धावताना ऐकता, आणि ती कुठून उतरवून घेतलीत?