शटर उशिरा पडल्यामुळे हुकलेला फोटो – तुमचाही अनुभव लिहा

बाळीवेसकर:
संक्रांतीच्या आधी माळा आवरताना जुना डिजिटल कॅमेरा सापडला. पाच मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. सेल आतच फुटून पत्रीवर पांढरा थर बसला होता. व्हिनेगरच्या बोळ्याने पुसलं, वाळवलं, नवे सेल घातले आणि चालू झाला की!

कार्डात 2006च्या गड्ड्याचे, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे फोटो निघाले. अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचं लग्न. ते जिथं लागतं त्या संमती कट्ट्यासमोर ही गर्दी, सगळे पांढऱ्या बाराबंदीत, आणि आजोबा माझ्यापासून चार हातांवर. 'सत्यम् सत्यम्' झालं, त्यांचा हात वर गेला, मी त्याच क्षणी बटण दाबलं. फोटोत हात खाली आलेला आहे. अक्षता पुढच्या माणसाच्या टोपीवर, खांद्यावर पडलेल्या, आणि आजोबा मान वळवून माझ्याकडे बघतायत. तीन फोटो काढले, तिन्ही तसेच उशिरा. पुढच्या गड्ड्याला ते नव्हते.

एवढी वर्षं मला वाटायचं माझंच बोट मंद. परवा कळलं की कॅमेराच वेळ घेत होता. तुमचं असं काय हुकलंय? आणि त्यावर काय केलंत तेही लिहा.

शेंगाचटणी:
अर्धं बटण!! बटण अर्ध्यापर्यंत दाबायचं, हिरवी चौकट येते, बीप वाजतो, बोट तिथंच ठेवायचं. हात वर गेला की उरलेलं अर्धं. फोकस आधीच झालेला असतो त्यामुळे लगेच पडतो. मला हे कॅमेरा घेऊन तीन वर्षांनी कळलं. तोवर पोराच्या वाढदिवसाच्या सगळ्या फोटोंत मेणबत्त्या विझलेल्या.

अशोकचौक_अक्का:
आमच्या लेकीचं गॅदरिंग. कॅमेऱ्यावर डोळ्याचं चिन्ह चालू राहिलेलं, लाल डोळे येऊ नयेत म्हणून असतं ते. त्यात आधी बारीक फ्लॅश लुकलुकतो आणि खरा फोटो नंतर. पोरींना वाटलं फोटो झाला, सगळ्या पोझ सोडून मोकळ्या. एकीच्या तोंडात वेणी. साधं विजेचं चिन्ह ठेवायचं हे शेवटी फोटो धुवायला गेले तेव्हा दुकानातल्या दादांनी सांगितलं.
बाळीवेसकर, आजोबा तुमच्याकडे बघतायत तो फोटो मोठा करून लावा हो. वाचून डोळे भरले.

जुळे_सोलापूर:
आमच्याकडे दोन सेकंदांचा टायमर चालू राहिला होता. आख्खी ट्रिप. अक्कलकोट, तुळजापूर, सगळं दोन सेकंद उशिरा

नवीपेठ_स्टुडिओ:
बारा वर्षं हेच काम करतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. उशीर कुठं होतोय ते आधी शोधा, उगाच कॅमेऱ्याला दोष देऊ नका.
मोबाइलवर स्टॉपवॉच लावा, कॅमेरा त्याच्यासमोर धरा. 10.00 दिसलं की एकदम पूर्ण बटण दाबा आणि फोटोत कितीचा आकडा आला ते बघा. मग हेच अर्धं बटण धरून करा. फरक मोठा पडला तर वेळ फोकस खातोय. जुन्या छोट्या कॅमेऱ्यात भिंग पुढे-मागे सरकवत चित्र कुठं सगळ्यात स्वच्छ दिसतंय ते शोधतात, अंधारात जास्तच चाचपडतात. फुलाचं चिन्ह (मॅक्रो) चालू राहिलं असेल तर आणखी. अर्धं बटण धरूनही उशीर असेल तर फ्लॅश नाहीतर टायमर बघा.
आणि पहिला फोटो वेळेवर पण दुसऱ्याला कॅमेरा हलतच नाही, तर ते शटरचं दुखणं नव्हे. कार्ड मंद आहे किंवा सेल उतरलेत आणि फ्लॅश भरायला वेळ लागतोय. लोक नवं कार्ड घेतात आणि पहिलाच फोटो उशिरा पडतो म्हणून परत भांडायला येतात. कार्डाचा त्याच्याशी संबंध नाही.
स्वतःचं बोटही थोडा वेळ घेतं, तेवढं आकड्यातून सोडून द्या.

शेंगाचटणी:
@नवीपेठ_स्टुडिओ दादा चार्ज होणारे पेन्सिल सेल चालतील का? साधे अर्ध्या दिवसात संपायलेत

नवीपेठ_स्टुडिओ:
चालतील, उलट फ्लॅश लवकर भरतो. फक्त सगळे सेल एकाच वेळी घेतलेले ठेवा, जुना-नवा मिसळू नका.

पद्मशाली_गल्ली:
आमच्या घरी माग आहे. धोट्याचा (दोरा घेऊन मागात इकडून तिकडं धावतो तो) फोटो काढायला गेलो तर नुसती पांढरी रेघ. माझाही कॅमेरा उशीर करतोय काय?

माळरान:
नाही अण्णा, ते वेगळं. रेघ आली म्हणजे फोटो वेळेवर पडला पण शटर जास्त वेळ उघडं राहिलं. शटर 1/500 सेकंदावर ठेवून बघा, शेडमध्ये उजेड कमी असतो म्हणून आयएसओ (कमी उजेडात फोटो उजळ करायचं सेटिंग) वाढवा. उशीर असता तर धोटा फोटोत दिसलाच नसता, पार पलीकडं जाऊन बसला असता.

माझं नान्नजचं. माळढोक बघायला पहाटे गेलेलो, तो काय दिसला नाही, पण काळविटांचा कळप रस्ता ओलांडायला लागला. पुढचा नर उडी मारणार हे दिसत होतं. डीएसएलआर हातात, आणि मी शहाणा मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढतोय. त्या कॅमेऱ्यात स्क्रीनवरून फोकस रांगत व्हायचा, डोळ्याला लावून काढला की झटकन. उडी गेली, फोटोत धूळ आणि मागचे दोन पाय. तेव्हापासून फोकस अंगठ्याच्या बटणावर घेतलाय, वरचं बटण फक्त शटरला. जनावर पळताना फोकस सतत चालू, आणि ओळीने सात-आठ फोटो.

पद्मशाली_गल्ली:
आला आला! 1/500 ला धोटा आला, टोकाचा पितळी भाग पण दिसायलाय. वडिलांना दाखवला, तर म्हणाले दोरा सैल आहे बघ. गेले मागाकडं.

अशोकचौक_अक्का:
😄 वडिलांना नमस्कार सांगा

होममैदान:
गड्ड्यातलं दारूकाम (आतषबाजी) कुणी काढलंय का? मी गेल्या वेळी 4 सेकंदांचे फोटो काढत होतो. एक काढला की पुढची 4 सेकंद कॅमेरा मुका. सगळ्यात मोठं बाण नेमकं त्यात गेलं. मेन्यूत लांब फोटोंसाठी नॉइज कमी करायचं सेटिंग असतं, ते तेवढाच वेळ अंधारा फोटो घेऊन ठिपके काढतं. बंद केलं की सलग निघतात. फोकस पण आधीच लांबच्या दिव्यावर धरून हाताने बंद करून ठेवा, काळ्या आभाळावर तो सापडत नाही. आयएसओ 100, भिंगाचं छिद्र एफ 8 किंवा 11, स्टँड पाहिजेच.
बाकी गाडी कुठं लावायची ते सांगा कुणीतरी

जुळे_सोलापूर:
गाडी घरी लाव लगा, चालत ये

दोन_लेकरांची_आई:
स्वयंपाक करता करता लिहितेय. आम्हाला कॅमेरा नाही, मोबाइलच. धाकटा पहिलं पाऊल टाकत होता संध्याकाळी, दिवे गेलेले, मोबाइलने आपोआप रात्रीचा मोड घेतला आणि 'हलवू नका' म्हणाला. हे म्हणजे पोराला सांगायचं का? फोटोत पोर बसलेलं. आता पोरांसाठी सरळ व्हिडिओच लावते, नंतर त्यातला फोटो काढते. भाकरी करपली, जाते

शेंगाचटणी:
कडक भाकरी करायची असेल तर करपू देत 😄

बाळीवेसकर:
स्टॉपवॉच लावून बघितलं. एकदम बटण दाबलं की 10.94, 10.88, 11.02. अर्धं धरून 10.17, 10.15. सगळा वेळ फोकसच खात होता. जवळजवळ एक सेकंद. आजोबांचा हात वर जाऊन खाली यायला तेवढाच वेळ लागतो, आरशासमोर स्वतः करून बघितलं.
हाच कॅमेरा घेऊन भोगीला जातोय. कट्ट्यासमोर आम्ही उभे राहायचो त्याच जागी, यावेळी बाबा पुढे आणि मी मागे. बाबांना सांगितलंय, हात वर नेताना थांबायचं नाही, नेहमीसारखं टाका.

नवीपेठ_स्टुडिओ:
उजेड असेल, फ्लॅश बंदच ठेवा. आणि 'सत्यम्' सुरू व्हायच्या आधीच अर्धं बटण धरा.

होममैदान:
मी पण येलालो. दोन सेल जास्तीचे आणू का?

बाळीवेसकर:
आण. चार आण.