मदत हवी आहे: गणित आणि मटेरियल सायन्स, दोघांची सायटेशन (इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) एकाच तक्त्यात कसं मांडायचं?

बिंदू_चौक: कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेज आहे. अंतर्गत संशोधन पुरस्कारासाठी एक पानी तक्ता करायचाय. उमेदवार दोन. मॅडम मटेरियल सायन्सच्या (थिन फिल्म, सुपरकपॅसिटर), एच-इंडेक्स ३१ (म्हणजे ३१ पेपरांना प्रत्येकी निदान ३१ सायटेशन). सर गणिताचे, स्कोपस या सदस्यत्वाच्या सायटेशन-सूचीवर ७ आणि गूगल स्कॉलर या मोफत शोधसेवेवर ११. समितीला फक्त एच-इंडेक्स हवाय. कुठला आकडा धरू? आणि ही तुलना तरी बरोबर आहे का?

ग्रंथपाल_करवीर: दोघांचा आकडा एकाच ठिकाणचा आणि एकाच तारखेचा घ्या, तारीख तक्त्यात लिहा. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तपासणीआधीचे मसुदे), परिषदांचे पेपर सगळंच मोजतं, म्हणून तिथला आकडा फुगतो. स्कोपस निवडक नियतकालिकं, परिषदा आणि पुस्तकंच धरतं.

पण आधी प्रोफाइल साफ करा. आडनाव पाटील असेल तर हमखास घोळ. 'एस. पाटील' नावाचे दुसऱ्याच कुणाचे पेपर स्कॉलर आपोआप चिकटवतं. सरांना स्वतःच्या प्रोफाइलमध्ये परके पेपर निवडून डिलीट करायला सांगा. एकच पेपर दोनदा दिसत असेल तर दोन्ही निवडून 'मर्ज' करायचं. मग अपडेटच्या सेटिंगमध्ये 'आपोआप नको, ईमेलने विचारा' हा पर्याय ठेवायचा. स्कोपसवर उलटा त्रास: आद्याक्षरं बदलली की एकाच माणसाचे दोन लेखक-आयडी होतात. ते एकत्र करायची विनंती तिथूनच पाठवता येते. ऑर्किडचा (संशोधकाची जागतिक ओळख) १६ अंकी क्रमांक जोडलेला असेल तर पटवून देणं सोपं जातं.

कटवाली_मिसळ: साफसफाई झाली तरी ३१ विरुद्ध ७ ही तुलना चुकीचीच राहते. एच-इंडेक्स हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये सुचवला, आणि क्षेत्राक्षेत्रांत आकडे वेगळे येतात हे त्याने तेव्हाच सांगितलं होतं. गणिताच्या पेपरात संदर्भ कमी, लिहिणारे कमी, पेपरही सावकाश येतात. सुपरकपॅसिटरवर जगभर ढिगाने पेपर निघतात आणि प्रत्येकाची संदर्भयादी लांबलचक.

समितीला एक उदाहरण दाखवा. सायटेशन ४०, २२, ९, ६, ५, ३ असतील तर एच ५. पहिल्या पेपरचे ४० चे ४०० झाले तरी एच ५च!

पहिल्या लेखकाला जादा गुण असला रकाना तर अजिबात ठेवू नका. गणितात नावं बहुधा आडनावाच्या इंग्रजी अक्षरक्रमाने लागतात, पाटील देसायांच्या मागेच येणार. प्रयोगशाळेच्या विषयात मात्र शेवटचं नाव सहसा मार्गदर्शकाचं असतं.

पंचगंगाकाठ: मग एफडब्ल्यूसीआय (क्षेत्रानुसार तोललेला सायटेशनचा आकडा) घ्या की. त्याच विषयातल्या, त्याच वर्षाच्या, त्याच प्रकारच्या पेपरांची जागतिक सरासरी म्हणजे १. १.५ आला तर सरासरीपेक्षा ५० टक्के जास्त. सदस्यत्व असलेल्या ग्रंथालयातून स्कोपसवर प्रत्येक पेपरच्या पानावर दिसतो.

कटवाली_मिसळ: घ्या, पण त्याची सरासरी काढू नका. पंधरा-वीस पेपरांत एखादा गाजलेला असला की तो एकटाच सरासरी वर ओढतो. त्यापेक्षा प्रत्येक पेपरचं पर्सेंटाइल (तशाच शंभरातल्या किती पेपरांच्या पुढे) लिहून मधला आकडा द्या. दुसरी अडचण, एफडब्ल्यूसीआय प्रकाशनाचं वर्ष आणि पुढची तीन वर्षंच मोजतो. गणिताच्या पेपराला सायटेशन उशिरा मिळतात, ती त्यात येतच नाहीत. म्हणून सरांची एकूण सायटेशनही शेजारी ठेवा. गणितासाठी झेडबीमॅथ ओपन ही पेपरांची सूची मोफत आहे, तिथेही ताडून बघा.

बिंदू_चौक: सेल्फ-सायटेशन (स्वतःच स्वतःच्या पेपरांना दिलेले संदर्भ) वजा करायची का? मॅडमचे चार रिव्ह्यू पेपरही (आधीच्या संशोधनाचा आढावा घेणारे) आहेत.

ग्रंथपाल_करवीर: करा, दोघांचीही. स्कोपसच्या सायटेशन ओव्हरव्ह्यूमध्ये 'सर्व लेखकांची सेल्फ-सायटेशन वगळा' अशी टिकचौकट आहे, स्कॉलरवर ती सोय नाही. रिव्ह्यू पेपरांना सायटेशन भरपूर मिळतात, ते वेगळ्या ओळीत टाका. आणि दोघांचे प्रत्येकी पाच निवडक पेपर, पेपरामागे दोन ओळींत काय नवं केलं ते, हे पानाच्या वरच्या अर्ध्यात. आकडे खाली. उलट केलंत तर समिती ३१ बघून तिथेच सही करेल.